दाट पाणी

फेब्रुवारीत, दे मॉईनच्या एका हॉटेलात
आम्ही बावन्न डॉक्टर, बहुतेक साठीकडे झुकलेले,
गळ्यात नावाच्या पट्ट्या अडकवून
परत शाळेत बसलो होतो.
बाहेर उणे एकोणीस. आत जाड गालिचा,
आणि पडद्यावर झोपेच्या गोळ्या सोडवण्याचा जिना,
पंधरवड्याला एक पायरी खाली.

मी मागच्या रांगेत. तीन नर्सिंग होम माझ्याकडे,
दोनशे अकरा खाटा, एक जुनी फोर्ड,
आणि परवाना टिकवायचा तर
जूनच्या आत अजून साडेनऊ क्रेडिट.
खोटं कशाला बोलू,
त्यासाठीच आले होते.

जेवणानंतरचा तास पेंगायचा असतो.
पण गिळणं शिकवणारी ती पोरगी आली,
बियाटा ओल्शेव्स्की, केस कानाशी कापलेले,
आणि तिने कागद वाटले नाहीत, पेले वाटले.
पेल्यात पाणी,
पाण्यात पांढरी भुकटी ढवळलेली.
"शेजाऱ्याला भरवा," म्हणाली. "चमच्याने. बोलू नका."

माझा शेजारी सू सिटीचा, लेरॉय हॅगेडॉर्न,
फावडं धरावं तसा चमचा धरणारा.
चमचा ओठांशी आला
आणि मी मान मागे घेतली.
अठ्ठावन्नाव्या वर्षी, हट्टी पोरासारखी.
आमच्याकडे याची नोंद होते:
'रुग्ण सहकार्य करत नाही.'

मग गिळलं.
पाणी नव्हतं ते. खळ होती,
कॉलरला लावतात ती.
जिभेवरून हलेना, घशाशी बसून राहिली
जायचं नाव न घेणाऱ्या पाहुण्यासारखी.
तहान होती तिथेच.

बावीस वर्षं लिहीत आले,
'द्रव पदार्थ दाट करून.'
चार शब्द. सही. पुढचा कागद.
किती जणांसाठी? मोजायला बसले
तर चेहरे येईनात,
नुसते खोल्यांचे नंबर.

एक मात्र आला. खोली चौदा, एमिल वोसेपका,
स्पिलव्हिलचा, चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवलेला.
दर बुधवारी छातीला स्टेथोस्कोप लावला की
"डॉक्टर, कॉफी?"
आणि मी, कानात नळ्या तशाच ठेवून,
"देतात ना."
देतात. काट्याने खाता येईल अशी.

प्रमाणपत्राला सोनेरी कडा होती.
त्या तासाचं क्रेडिट पाऊण.
रविवारी परत फिरले, रस्त्यावर बर्फाचा भुगा उडत होता.
वॉटर्लूला गाडी थांबवून त्याच्या मुलीला फोन केला.
न्यूमोनिया कसा होतो, झाला तर काय,
सगळं सांगितलं, काही गाळलं नाही.
ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली,
"बाबांना विचारलंत?"

नव्हतं विचारलं.
दीड दिवस शिकून आले होते मी.

सोमवारी विचारलं. त्याने माझ्याकडे असं पाहिलं
की मी खिडकी लावायला उठले, ती लावलेलीच होती.
ऑर्डर बदलली. साधी कॉफी, बसवून, छोटे घोट,
धोका समजावला आहे, त्यांना मान्य आहे.
मूसू कोली आली, लायबेरियाची,
सकाळपाळीची मदतनीस, कमी बोलणारी.
तिने त्याच्या कपाटातून, स्वेटरांच्या मागून,
एक निळा मग काढला.
तळाशी कॉफीचं वर्तुळ होतं.
ओलं.

तिने माझ्याकडे बघितलं नाही.
मी मगाकडे बघितलं नाही.

पहिल्या घोटाला तो खोकला, लांबलचक,
माझा हात मगाकडे निघालाच होता.
"हनुवटी खाली, पापा," ती म्हणाली,
आणि दोन बोटं त्याच्या गळ्यावर ठेवून वाट पाहिली.
बियाटानेही अगदी तिथेच ठेवली होती,
एकोणतिसाव्या स्लाइडनंतर.

खोकला थांबला. डोळ्यांतलं पाणी पुसून
त्याने मग माझ्याकडे सरकवला.
"डॉक्टर," म्हणाला, "कॉफी?"

मी नळ्या कानातून काढल्या.
किती बुधवार झाले असतील, कोण जाणे,
हा माणूस मागत होता
की विचारत होता?